कामगंध सापळा: दोन महिन्यांच्या वापरानंतर

मानवत तालुक्यातील आमच्या 4 एकर कपाशीत गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी मी एकरी 2 या हिशेबाने नरसाळ्याचे 8 कामगंध सापळे लावले. ल्युरसह, म्हणजे आतल्या गंधाच्या आमिषासह, एक सापळा 60 रुपयांना पडला. पहिले दहा दिवस नरसाळ्याखाली पतंग साठवणाऱ्या पिशव्या जवळपास रिकाम्या राहिल्या, तेव्हा दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असेच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सापळे मीच शेंड्यांखाली, पानांच्या गर्दीत टांगले होते.

ल्युरमध्ये या अळीच्या पतंगाच्या मादीचा कृत्रिम गंध असतो. तो हवेत सलग पसरत नाही, तुटक धाग्यांसारखा वाहतो. असा धागा मिशांना लागला की ती वर्दी नराच्या मेंदूतील गंधकेंद्रात पोचते आणि तो वाऱ्याच्या तोंडाकडे झेपावतो. धागा हरवला की पुढे जाणे सोडून, तो पुन्हा सापडेपर्यंत वाऱ्याला आडवा हेलकावे घेत राहतो. उडता कीटक स्वतःच वाऱ्यासोबत वाहत असल्याने वारा कोणत्या बाजूचा हे त्याला अंगावर कळत नाही, म्हणून खालचे पीक डोळ्यांपुढून कसे सरकते यावरून त्याचा मेंदू ते ताडतो, आणि हे सारे रात्रीच्या अंधारात.

सापळे पिकाच्या वर फूटभर घेतले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बांधालगतच्या पिशवीत 11 पतंग निघाले: नखापेक्षा लहान, करड्या-तपकिरी पंखांचे, बोटांना भुकटी लावणारे. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग ही फवारणीची पातळी आहे. आम्ही ती गाठली तेव्हाच पंप काढला.

शेजाऱ्यांचा प्रकाश सापळा मला तितकासा पटला नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत, तर आकाश समजून त्याच्याकडे पाठ करू पाहतात आणि त्याच्याभोवती अडकतात. त्यामुळे त्यात मित्रकीटकही सापडतात.

तक्रारी दोन. पिशवी धरणारी कडी पावसानंतर सैल पडते आणि सोबतच्या पत्रकात उंचीबद्दल अवाक्षर नाही. तंबाखू मळलेल्या हातांनी ल्युर बसवू नये, हेही त्यात हवे होते. ल्युर मी दर तीन आठवड्यांनी बदलला. पुढच्या हंगामाला नरसाळी हीच वापरीन, पिशव्या मात्र नव्या आणि जाड घेईन.