‘मॅकबेथ’ : संहिता, प्रयोग की चित्रपट?

शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये ‘मॅकबेथ’ सर्वांत आटोपशीर आहे. लांबीने ती ‘हॅम्लेट’च्या साधारण निम्मी भरते. त्यामुळे शेक्सपिअरशी ओळख करून घेऊ पाहणारा वाचक बहुधा याच नाटकापाशी येतो, आणि आल्याबरोबर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो की संहिता वाचावी, एखादा प्रयोग मिळवून पाहावा की सरळ चित्रपट लावावा. चित्रपटही एक नाही. येथे मी पाच विचारात घेतले आहेत : अकिरा कुरोसावा यांचा १९५७ चा जपानी चित्रपट, जो जगभर ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावाने ओळखला जातो; रोमन पोलान्स्की यांचा १९७१ चा; विशाल भारद्वाज यांचा ‘मकबूल’, जो २००३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि जानेवारी २००४ मध्ये भारतात प्रदर्शित झाला; जस्टिन कुर्झेल यांचा २०१५ चा; आणि जोएल कोएन यांचा २०२१ चा. रंगमंचाच्या बाजूने ट्रेव्हर नन यांनी १९७६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी बसवलेला प्रयोग घेतला आहे, कारण तो नंतर दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला आणि म्हणून आजही पाहता येतो.

तुलना असंख्य अंगांनी करता येईल, परंतु निवड करू पाहणाऱ्याला दोनच प्रश्न पुरेसे आहेत असे मला वाटते. चेटकिणींचे भाकीत ऐकून स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो आणि गादी बळकावतो, अशी ही कथा. नाटककाराने तीत दोन गोष्टी प्रेक्षकांपासून झाकून ठेवल्या आहेत. एक, राजा डंकनचा खून. दुसरी, मॅकबेथ आणि त्याच्या पत्नीचे मूल. या दोन रिकाम्या जागांचे कोणी काय केले हे पाहिले की प्रत्येक चित्रपटाचा स्वभाव उघड होतो, आणि आपल्याला त्यांपैकी काय हवे आहे तेही कळते.

आधी खुनाविषयी. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात मॅकबेथला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो, घंटा वाजते आणि तो आत जातो. दुसरा प्रवेश उघडतो तेव्हा रंगमंचावर लेडी मॅकबेथ एकटी आहे. ती कान देऊन ऐकते आहे; घुबडाचा आवाज, रातकिडे, पहारेकऱ्यांचे घोरणे. झोपलेला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर हे काम मीच उरकले असते, असे ती म्हणते, आणि एवढ्या एका वाक्यात तिच्या पाषाणहृदयी भाषेला पडलेली चीर दिसते. मग मॅकबेथ रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येतो. त्यानंतरचे दोघांचे बोलणे इतके तुटक आहे की काही ओळी एकेका शब्दाच्या आहेत. आत कोणीतरी प्रार्थना म्हटली, आपल्याला तिच्या शेवटी ‘आमेन’ म्हणायचे होते, पण तो शब्द घशात अडकला, ही त्याची तक्रार आहे. तेवढ्यात दरवाजा ठोठावला जातो. खून आपल्याला दिसलेलाच नसतो, तरीही तो प्रवेश संपेपर्यंत आपण त्या खोलीत जाऊन आलेलो असतो. प्रेक्षकाच्या कल्पनेला असे सहआरोपी करून घेण्याची ही युक्ती रंगभूमीची आहे, आणि संहिता वाचतानाही ती शाबूत राहते.

ननच्या प्रयोगात ती जवळजवळ असह्य होते. स्ट्रॅटफर्डच्या ‘दि अदर प्लेस’ या छोट्याशा नाट्यगृहात हा प्रयोग झाला होता. सजावट जवळपास नाहीच. जमिनीवर एक वर्तुळ, आणि आपला प्रवेश नसलेले नट त्या वर्तुळाभोवती लाकडी खोक्यांवर बसून पाहत राहतात. इयन मॅकेलन आणि जूडी डेंच यांचे चेहरे इतके जवळ आहेत की श्वासही ऐकू येतो. येथे किल्ला नाही, घोडे नाहीत, स्कॉटलंडचे धुके नाही. आहेत ती फक्त माणसे आणि शब्द. झोपेत चालण्याच्या प्रवेशात डेंच यांच्या तोंडून निघणारा लांबलचक आक्रोश ज्याने ऐकला असेल, त्याला पडद्यावरची पुढची प्रत्येक लेडी मॅकबेथ थोडी उणीच वाटेल, अशी माझी समजूत आहे.

आता चित्रपटांकडे वळू. पोलान्स्की खून दाखवतात. राजा जागा होतो, समोर आपल्या विश्वासू सरदाराला पाहतो आणि मगच वार होतात. हेतू स्पष्ट आहे : काव्याच्या आडोशाला लपलेली कत्तल उजेडात आणणे. १९६९ मध्ये पोलान्स्की यांच्या गरोदर पत्नीची हत्या झाली होती आणि त्यानंतर त्यांनी केलेला हा पहिलाच चित्रपट. त्यामुळे मॅकबेथचा विरोधक सरदार मॅकडफ याच्या घरावरील हल्ल्याचा प्रसंग अलिप्तपणे पाहणे आजही कठीण जाते. परंतु डंकनचा खून डोळ्यांनी पाहिल्यावर त्यानंतरचे संवाद घडलेल्या गोष्टीचा वृत्तांत वाटू लागतात. दरवाजावरची ठोठावणी कानांवर पडते, पण काळजावर पडत नाही. कुर्झेल आणि कोएन यांनीही खून दाखवला आहे. कुर्झेलच्या चित्रपटात तर युवराज माल्कम तंबूत शिरून मॅकबेथला प्रेताशेजारी पाहतो आणि पळून जातो, म्हणजे त्याच्या पलायनाला नाटकात नसलेले थेट कारण मिळते. कथानक अधिक घट्ट झाले हे खरे. मात्र त्या रात्री कोणालाच काही नक्की ठाऊक नाही ही नाटकातील भीती त्या बदल्यात गेली.

कुरोसावा यांनी याच्या उलट केले. त्यांनी शेक्सपिअरची एक ओळही वापरलेली नाही. कथा सोळाव्या शतकाच्या आसपासच्या जपानमधील सरदारांच्या युद्धकाळात नेली आहे. तोशिरो मिफुने यांचा वाशिझु भाला घेऊन जातो आणि कॅमेरा खोलीतच थांबतो. मागे इसुझु यामादा यांची आसाजी उरते. नो या प्राचीन जपानी रंगशैलीतील मुखवट्याप्रमाणे तिचा चेहरा स्थिर आहे आणि हालचालींत केवळ किमोनोच्या रेशमाची सळसळ ऐकू येते. याच आसाजीने थोड्या वेळापूर्वी गुंगीचे मद्य आणायला काळोखात जाऊन, तशाच काळोखातून परत येऊन दाखवलेले असते. वाशिझु परततो तेव्हा त्याची बोटे भाल्याच्या दांड्यावर अशी आवळलेली असतात की तिला ती सोडवावी लागतात. शब्द पूर्णपणे टाकूनही रंगमंचावरील त्या प्रवेशाच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट हाच आहे, कारण कुरोसावा यांनी संवाद सोडले, तरी झाकलेली जागा झाकलेलीच ठेवली.

‘मकबूल’मध्ये हा प्रसंग आणखी वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. राजाच्या जागी मुंबईतील गुन्हेगारी टोळीचा वृद्ध म्होरक्या अब्बाजी आहे, आणि तब्बूची निम्मी ही मकबूलची पत्नी नसून अब्बाजीची रखेल आहे. गोळी झाडली जाते तेव्हा ती त्याच बिछान्यात आहे आणि रक्त तिच्या चेहऱ्यावर उडते. नाटकातील लेडी मॅकबेथ खुनानंतर त्या खोलीत जाऊन हात रंगवून येते. निम्मीला कोठे जावेच लागत नाही. या एका बदलाने महत्त्वाकांक्षेच्या गोष्टीत वासना आणि सुटकेची तहान मिसळली आहे. पंकज कपूर यांनी अब्बाजीला इतके वजन दिले आहे (त्यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला) की तो गेल्यावर चित्रपटात खरोखरच एक पोकळी जाणवते. डंकनची ही पोकळी बहुतेक प्रयोगांतही जाणवत नाही.

दुसरा प्रश्न मुलाचा. पहिल्या अंकात लेडी मॅकबेथ सांगते की मी मूल अंगावर पाजले आहे. चौथ्या अंकात कुटुंबाच्या हत्येची वार्ता ऐकून मॅकडफ म्हणतो की त्याला मुले नाहीत. हे तो मॅकबेथविषयी बोलतो की सांत्वन करणाऱ्या तरुण माल्कमविषयी, यावर आजही एकमत नाही. एवढ्या दोन उल्लेखांपलीकडे नाटक काही सांगत नाही. तरीही सारे नाटक वारसाच्या प्रश्नाभोवती फिरते : चेटकिणींनी राज्य मॅकबेथला दिले आहे, वंश मात्र त्याचा सहकारी सरदार बँको याला. ज्याचे कोणी पुढे येणार नाही त्याने कोणासाठी आपले इमान विकले, हे शल्य मॅकबेथ एकदा उघड बोलून दाखवतो आणि नंतर ते त्याच्या प्रत्येक कृत्यात दिसते.

चित्रपटकारांना ही मोकळी जागा स्वस्थ बसू देत नाही. कुर्झेल तर चित्रपटाची सुरुवातच एका बालकाच्या अंत्यविधीने करतात आणि पुढे मारियों कोतियार्द यांचे हात धुण्याचे प्रसिद्ध स्वगत त्या गेलेल्या मुलाला उद्देशून असल्यासारखे घेतात. दृश्य हृदयद्रावक आहे, पण दुःख हे सर्व गुन्ह्यांचे कारण ठरल्यामुळे मॅकबेथ दांपत्य आपल्या दयेला फार लवकर पात्र होते. कुरोसावांची आसाजी गरोदर राहते, आणि त्या एका बातमीमुळे मित्राच्या मुलाला वारस करण्याचा करार मोडून मित्राचा खून घडतो. मूल मात्र मृत जन्मते. कोएन यांनी डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सेस मॅकडॉर्मंड हे साठी ओलांडलेले नट घेऊन केवळ त्यांच्या वयानेच अर्थ बदलला आहे. या वयातल्या जोडप्याला वारस मिळण्याची आशा उरलेली नाही आणि राज्य मिळण्याची ही शेवटचीच संधी आहे, हे आपल्याला त्यांच्याकडे पाहूनच समजते. मला सर्वांत धाडसी वाटतो तो ‘मकबूल’ : निम्मीला मूल होते, परंतु त्याचा बाप अब्बाजी की मकबूल हे कळत नाही. शेवटी बँकोच्या वंशाच्या जागी असलेला गुड्डू त्या बाळाला आपलेसे करतो, ते पाहून इरफान खान यांचा मकबूल हातातले शस्त्र टाकून देतो आणि रुग्णालयाबाहेर पडल्यावर गोळीला बळी पडतो. वंश दुसऱ्याचा होणार हे भाकीत इतक्या कोमल रीतीने खरे झालेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

भाषेचा प्रश्नही निवडीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. मूळ ओळी ऐकायच्या असतील तर पोलान्स्की, कुर्झेल आणि कोएन हे तीनच चित्रपट उरतात. पोलान्स्की यांनी स्वगतांचा बराच भाग मनातील आवाज म्हणून वाजवला आहे. त्यामुळे ती स्वाभाविक वाटतात, पण त्यांतील उच्चाराची धार बोथट होते. कुर्झेलचे नट पुटपुटतात. पत्नीच्या मृत्यूनंतरचे ‘उद्या, आणि उद्या, आणि उद्या’ हे भाषण मायकेल फासबेंडर तिचे प्रेत कवटाळून म्हणतात, आणि प्रसंगाचा परिणाम ओळींपेक्षा त्या मिठीतून होतो. कोएन यांच्याकडे शब्द स्पष्ट आहेत. चित्रपट कृष्णधवल, चौकट जवळजवळ चौरस, आणि भिंती व जिने स्टुडिओत उभारल्याचे लपवलेले नाही. पडद्यावर असूनही तो रंगमंचाचे ऋण उघडपणे मान्य करतो. कॅथरिन हंटर एकट्या तिन्ही चेटकिणी होतात, आणि त्यासाठी त्यांना आवाज आणि देह यांच्याखेरीज फारसे काही लागत नाही. ‘मकबूल’मध्ये चेटकिणींच्या जागी ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे दोन पोलीस आहेत. ते भविष्य सांगतात तसे घडवूनही आणतात; त्यामुळे दैव आणि माणसाची इच्छा यांतील मूळ संदिग्धता कमी झाली आहे, ही या चित्रपटाची मला जाणवणारी एकमेव मोठी उणीव.

मराठी वाचकासाठी आणखी एक वाट आहे. वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने या नाटकाचे रूपांतर केले, आणि १९५४ मध्ये ते नानासाहेब फाटक व दुर्गा खोटे यांच्या भूमिकांसह रंगमंचावर आले. त्याआधी शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ लिहिले होते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजी ज्यांना जड जाते त्यांनी टिपांच्या जंजाळात शिरण्याआधी ‘राजमुकुट’ मोठ्याने वाचावे. कवीने कवीला दिलेला तो प्रतिसाद आहे आणि त्यातील वाक्ये नटाच्या तोंडात बसण्यासाठीच लिहिलेली आहेत.

मग निवड कशी करावी? ज्याला आयुष्यात एकदाच या कथेकडे जायचे आहे आणि वाचनाची सवड नाही, त्याने कुरोसावांचा ११० मिनिटांचा चित्रपट पाहावा. शेवटी मिफुने यांच्या आजूबाजूला खरेखुरे बाण सोडून चित्रित केलेला मृत्यू विसरता येण्याजोगा नाही. ज्याला परीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी मूळ संहिता समजून घ्यायची आहे, त्याने संहितेबरोबर कोएन ठेवावा. तो १०५ मिनिटांचा असल्यामुळे काटछाट बरीच आहे, हे लक्षात ठेवून गाळलेले प्रवेश पुस्तकात शोधावेत. अभिनय शिकणाऱ्याने ननच्या प्रयोगाचे चित्रीकरण टाळू नये. पोलान्स्की घरातील लहान मुलांसमोर लावू नये. एकट्याने आणि मन घट्ट करून पाहावा, विशेषतः त्याच्या शेवटासाठी, जेथे राज्य सावरल्यानंतर नवा राजा माल्कम याचा धाकटा भाऊ डोनाल्बेन त्याच चेटकिणींच्या गुहेकडे वळतो. कुर्झेलचा चित्रपट मी सर्वांत शेवटी ठेवीन. ‘मकबूल’ मात्र नाटक ठाऊक झाल्यावर पाहावा, कारण बर्नमचे वन चालून येण्याऐवजी समुद्र घरात शिरणार, यातील मौज मूळ भाकीत माहीत असणाऱ्यालाच पुरती कळते.

आणि कोणताही चित्रपट लावण्यापूर्वी एक गोष्ट करता आली तर करावी. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, इंग्रजीत किंवा मराठीत, रात्री दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा, आणि तिसऱ्या कोणाला तरी ठरल्या जागी दार ठोठावायला सांगावे.