लेथसाठी मोटर आणि व्हीएफडीचं 'रेडी किट' घेतलं आणि फसलो, घेणार असाल तर आधी हे वाचा

घरच्या वर्कशॉपमध्ये माझा एक जुना लेथ आहे. मशीन जुनं असलं तरी बेड चांगला आहे, स्पिंडलला खेळ नाही. त्याच्यावर १ एचपीची सिंगल फेज मोटर होती, कॅपॅसिटर स्टार्टवाली, आणि स्पीड बदलायचा म्हणजे दर वेळी कव्हर उघडा, बेल्ट सैल करा, पुलीवर सरकवा, परत ताणा. फेसिंग करताना (बारचं तोंड सपाट करताना) मध्याकडे जाताना स्पीड वाढवायचा असेल तर ते या पद्धतीत शक्यच नसतं. शिवाय त्या सिंगल फेज मोटरची थरथर फिनिशमध्ये दिसायची, बारीक कट घेतला की पृष्ठभागावर हलक्या लाटा यायच्या. म्हणून बरेच दिवस डोक्यात होतं की थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) बसवायचा, नॉब फिरवला की स्पीड कमीजास्त, घरच्या सिंगल फेजवर.

वेगवेगळं घेऊन जुळवत बसण्यापेक्षा ऑनलाइन एक रेडी किट दिसलं ते बरं वाटलं. १.५ किलोवॅटची मोटर, तेवढाच ड्राइव्ह, नॉब, फॉरवर्ड रिव्हर्सचा स्विच, सगळं वायरिंग करून, 'फक्त प्लग लावा' असं लिहिलेलं. सोबत व्हिडिओ होता, लेथवर एमएसचा (साध्या स्टीलचा) बार आणि त्याच्यावर चांगला जाड कट चाललाय, चिप निळी पडून उडतेय. फोन केला तर माणूस इतका नीट बोलला की काय सांगू, माझ्या लेथचा मेक विचारला, पुलीचा व्यास विचारला, बेल्टचा सेक्शन विचारला, म्हणाला "साहेब काही काळजी करू नका, १५ दिवसांत पसंत नाही पडलं तर परत घेतो". पूर्ण पैसे आधीच पाठवले. हीच पहिली चूक.

किट आलं. मोटर चकाचक निळ्या रंगात, नेमप्लेटवर १.५ किलोवॅट, २३० व्होल्ट, १४०० आरपीएम. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती, रंग बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा होता आणि फॅन कव्हरच्या जाळीत थेंब वाळलेले होते, कारखान्यातून नवीन येणारी मोटर अशी नसते. पण नवीन वस्तूच्या आनंदात आपण बघत नाही. बसवली, चालू केली, आवाज एकदम शांत, नॉब फिरवला की चक (बार पकडणारा जबडा) लोण्यासारखा फिरायचा. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ३० मिलिमीटरचा एमएस बार लावला, १ मिलिमीटर डेप्थ दिली आणि टूल लागताक्षणी चक थांबला. बेल्ट घसरला नाही, मोटरच थांबली. जुनी १ एचपी हाच कट आरामात घ्यायची. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, टूल परत धार लावून सेंटरला घेतलं, फीड कमी केला, तरी तेच. ५० हर्ट्झवर हाताने कपडा धरून चक दाबला (असं कधीही करू नका, कपडा गुंडाळला तर हात जातो, मी चिडलो होतो म्हणून केलं) तर मोटर मंदावताना कळत होती.

विक्रेत्याला फोन केला. तो एकदाही टाळला नाही, पहिल्या रिंगला उचलायचा, आणि मला सगळ्यांना मुख्य हेच सांगायचंय. मला वाटायचं फसवणारा फोन उचलत नाही, ब्लॉक करतो, पळून जातो. हा पळाला नाही, हा रोज मदत करत होता. आज हे पॅरामीटर बदला, दोन दिवस चालवून बघा मग सांगा. मग ॲक्सिलरेशन टाइम वाढवा, परत दोन दिवस. मग कॅरिअर फ्रिक्वेन्सी. मग एके दिवशी म्हणाला "बेस फ्रिक्वेन्सी ५० आहे ना, ती २९ करा" (बेस फ्रिक्वेन्सी म्हणजे ज्या हर्ट्झला ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज देतो ती). केली, आणि खरंच फरक पडला! कमी स्पीडला मोटरमध्ये एकदम जोर आला, २५ हर्ट्झवर तोच १ मिलिमीटरचा कट निघाला. मी त्याचे मनापासून आभार मानले. वरच्या स्पीडला अजून दम नव्हता, त्यावर तो म्हणाला बेअरिंग सेट होईल, मोटर थोडी चालू द्या.

मग टॉर्क बूस्ट (कमी स्पीडला जादा व्होल्टेज देणारी सेटिंग) वाढवायला लावला. त्याने कमी स्पीडला मोटर अशी तापायला लागली की हात ठेवता येईना, कारण स्पीड कमी असला की शाफ्टवरचा पंखाही हळू फिरतो, हवा मिळत नाही आणि वरून करंट जास्त. मग म्हणाला डिसेलरेशन अर्ध्या सेकंदावर आणा म्हणजे मशीन 'टाइट' वाटेल. स्टॉप दाबला तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप झाला, थांबताना मोटरकडून परत येणारी वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर नव्हताच ना किटमध्ये, आणि एकदा ट्रिप न होता झटक्यात थांबला तेव्हा चक स्पिंडलवर पाव आटा सैल झालेला दिसला. ज्यांच्या लेथचा चक आट्यांवर बसतो त्यांनी हे नीट लक्षात घ्या, स्पिंडल झटक्यात थांबला किंवा चालत्यात रिव्हर्स दिला की जड चक स्वतःच्या जोराने उलगडत जातो आणि फिरत खाली पडू शकतो. हा सल्ला देणाऱ्याला एकतर लेथ माहीत नव्हता किंवा माझी फिकीर नव्हती.

असे १७ दिवस गेले. मी म्हटलं परत घ्या. तेव्हा पहिल्यांदा आवाज बदलला, "साहेब १५ दिवस झाले की, आणि तुम्ही सेटिंग पण बदललीत, आता परत कसं घेणार?" सेटिंग त्यानेच बदलायला लावली होती. वर म्हणाला तुमच्या लेथला लोड जास्त आहे, ३ किलोवॅटचा ड्राइव्ह लावा, फरकाचे पैसे भरा, जुना परत घेतो. आणि मी तेही भरले. तो ड्राइव्ह आजतागायत आला नाही आणि फोन उचलणं त्यानंतर बंद झालं.

मग माझ्या ओळखीच्या एका काकांना बोलावलं, ते आयुष्यभर मोटरी भरतात (रिवाइंड करतात). त्यांनी मोटरकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "व्हर्निअर आहे का?" शाफ्ट मोजला, १९.००. म्हणाले ही १.५ किलोवॅट नाही. चार पोलची (१४०० आरपीएमच्या आसपासची) १.५ किलोवॅट म्हणजे नेहमीच्या स्टँडर्डप्रमाणे ९० ची फ्रेम, तिचा शाफ्ट २४ मिलिमीटरचा असतो. १९ चा शाफ्ट म्हणजे ८० ची फ्रेम, म्हणजे चार पोलला ०.७५ किलोवॅट. फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, तीही मोजली, ८० मिलिमीटर. बघा, माझ्या घरात व्हर्निअर रोज हातात असतो, त्याने मी रोज जॉब मोजतो, पण विकत घेतलेली मोटर मोजावी हे सुचलं नाही.

मग टर्मिनल बॉक्स उघडला. आत तीनच वायरी. २३० आणि ४०० दोन्हीवर चालणाऱ्या मोटरला सहा टोकं बाहेर असतात, पत्ती फिरवून स्टार (४०० साठी) किंवा डेल्टा (२३० साठी) करता येतं. इथे तिन्ही कॉइलची दुसरी टोकं आतच एकत्र बांधलेली होती, म्हणजे कायमचं स्टार, म्हणजे ४०० व्होल्टची मोटर. नेमप्लेटच्या खाली जुन्या पाटीच्या रिव्हेटची दोन भोकं पुट्टीने बुजवलेली, नखाने खरवडल्यावर दिसली.

आता यात घोळ कसा होतो ते समजून घ्या, हे कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. सिंगल फेज २३० वर चालणारा साधा व्हीएफडी थ्री फेज तयार करून देतो, पण व्होल्टेज २३० च्या वर देऊ शकत नाही. ४०० व्होल्ट ५० हर्ट्झच्या मोटरला दर हर्ट्झमागे ८ व्होल्ट लागतात. २३० ला ८ ने भागा, साधारण २९ येतात. म्हणजे २९ हर्ट्झपर्यंतच मोटरला पूर्ण जोर, तिथून पुढे स्पीड वाढतो पण व्होल्टेज वाढत नाही आणि जोर पडत जातो, ५० हर्ट्झला मोटर जास्तीत जास्त जेवढा जोर लावू शकते तो साधारण एक तृतीयांश उरतो. आणि मुळात १.५ नाही तर ०.७५ ची मोटर, तिचा एक तृतीयांश!

आणि इथेच माझं डोकं सुन्न झालं. बेस फ्रिक्वेन्सी २९ करा असं त्याने सांगितलं होतं. ३० नाही, २५ नाही, बरोबर २९. खऱ्या २३० व्होल्ट ५० हर्ट्झच्या मोटरला हा आकडा कोणी सांगणारच नाही, तो फक्त ४०० व्होल्टच्या स्टार मोटरचा आकडा आहे. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आत काय आहे. मी ज्याबद्दल आभार मानले तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता.

ड्राइव्हचंही तेच. स्टिकरवर १.५ किलोवॅट, पण बऱ्याच ड्राइव्हमध्ये रेटेड करंट दाखवणारं एक फक्त वाचायचं पॅरामीटर असतं, तिथे ४ अँपिअर दिसलं. या व्होल्टेजला १.५ किलोवॅटच्या ड्राइव्हला ७ च्या आसपास असायला हवं, ४ म्हणजे ०.७५ वालाच. स्टिकरचा कोपरा उचलला तर खाली दुसरा स्टिकर. (ड्राइव्हचं कव्हर उघडायचं असेल तर सप्लाय काढून किमान दहा मिनिटं थांबा आणि मीटरने डीसी बस (आतला डीसी व्होल्टेज) तपासल्याशिवाय हात घालू नका, आतले कॅपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात.)

सगळ्यात राग कशाचा आला असेल तर अर्थिंगचा. अर्थची वायर होती, पण स्क्रू रंगावरच आवळलेला, खाली धातूला टेकलेलाच नाही. मीटर लावला तर बॉडी ते अर्थ काही कंटिन्युइटीच नाही. मला अधूनमधून टूल पोस्टला झिणझिण्या यायच्या त्या मी हवेतल्या ओलाव्यावर ढकलत होतो. पैशाचं एक वेळ सोडा, पण हे जिवावर बेतलं असतं.

म्हणून जो कोणी असं किट घेतोय त्याने पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागा, एक टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं दिसतील असा आणि दुसरा शाफ्टला व्हर्निअर लावलेला. जो खरा आहे तो पाच मिनिटांत पाठवेल. नेमप्लेटच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, कोणीही पाटी छापून लावू शकतो, पण शाफ्ट बदलता येत नाही. वजनही विचारा. लेथसाठी ट्रेडमिलची मोटर कोणी २.५ एचपी म्हणून विकत असेल तर तो आकडा सतत चालण्याचा आहे की क्षणभराचा हे विचारा, बहुतेक वेळा क्षणभराचा असतो. आणि परत करायची मुदत चालू असताना 'दोन दिवस चालवून बघा' हे ऐकूच नका, पहिल्याच दिवशी लेखी कळवा की वस्तू पसंत नाही, परत घ्या, मग खुशाल सेटिंग करत बसा. मी सगळं फोनवर बोललो, माझ्याकडे लिहिलेलं काहीच नाही, तक्रार केली तेव्हा हेच आडवं आलं.

मोटरचं पुढे काय झालं तेही सांगतो. काकांनी मोटर खोलली, वाइंडिंगच्या डोक्यातून बांधलेला स्टारचा जोड शोधून सोडवला, तिन्ही टोकं बाहेर आणली आणि डेल्टा केलं, आता ती खऱ्या अर्थाने २३० वर चालते. बेस फ्रिक्वेन्सी परत ५०, टॉर्क बूस्ट मूळ जागी, डिसेलरेशन ४ सेकंद, रंग खरवडून अर्थिंग, आणि हाताशी येईल असं इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम बटण. १ मिलिमीटरचा कट आता ५० हर्ट्झलाही निघतो, लाटा नाहीत, फिनिश सुंदर येतं. शेवटी माझ्याकडे १ एचपीचा लेथ होता आणि १ एचपीचाच लेथ आहे, पैसे मात्र २ एचपीच्या दुपटीने गेले.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, व्हिडिओही तोच. काकांनी तो मला परत लावायला सांगितला आणि टूल बारला लागतं तिथे पॉज करायला लावला. कोपऱ्यात ड्राइव्हचा डिस्प्ले दिसतो, झूम करून बघितला तर आकडा आहे २७.