आर-10 मिळेना, म्हणून माइस्टरकुगेल्न: एका हौशी पिस्तूलवालीचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. दहा मीटर एअर पिस्तूल हौसेने मारणाऱ्यांनी आजच्या भावात आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीचा माइस्टरकुगेल्न हा छर्रा घ्यावा. पिस्तुलासाठीचा, 0.45 ग्रॅमचा. त्याच कंपनीच्या वरच्या दर्जाच्या आर-10 च्या मागे लागून जे जास्तीचे पैसे जातात, ते शॉटला दहापैकी साडेआठ-पावणेनऊच्या सरासरीत घुटमळणाऱ्या माझ्यासारखीला टार्गेटवर परत मिळत नाहीत. रायफलवाल्यांनी मात्र माझ्या भरवशावर जाऊ नये, त्यांचं गणित वेगळं आहे.

मी पुण्यात एका औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि संध्याकाळी कोथरूडच्या बाजूला एका छोट्या रेंजवर जाते. क्लबची मासिक स्पर्धा आणि जमलं तर जिल्हा स्पर्धा, एवढीच माझी धाव. पण हा खेळ मला मनापासून आवडतो. दिवसभर फोन, सह्या, विद्यार्थी यांत विस्कटलेलं मन साठ शॉट मारताना एका जागी येतं, आणि ते मला पैसे नाहीत म्हणून सोडायचं नाही.

साठ शॉटची मॅच म्हटली की सुरुवातीचे सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून घ्यायचे, शॉट धरून पाऊणशे-ऐंशी छर्रे सहज जातात. डब्यात पाचशे असतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा पूर्ण सराव करणाऱ्याचा डबा महिनाभरही पुरत नाही. मॅच दर्जाचा छर्रा आता मला एकेक तीन रुपयांच्या वर पडतो. मागे घेतलेल्या डब्यांची बिलं फाइलला लावून ठेवलीत, ती बघितली की छाती दडपते. चांगले छर्रे बहुतेक जर्मनीहून आणि चेक प्रजासत्ताकातून येतात, आणि 2022 च्या पावसाळ्यात ऐंशी रुपयांच्या आसपास असलेला युरो 2025 मध्ये शंभरीपार गेला. डब्यात एक छर्रा वाढला नाही तरी किंमत त्यानेच पावपट वाढते. वर आयात करणारे मोजके, त्यांची मागणी छोटी, त्यामुळे एक खेप संपली की दुसरी येईपर्यंत बाजार कोरडा. त्यात 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर आमच्या रेंजवर नवी मुलं इतकी आली की लेन मिळायला थांबावं लागतं. मुलं आली याचा मला आनंदच आहे. पण दुकानातला माल तेवढाच राहिला.

या टंचाईत विक्रेत्यांचे दोन तऱ्हेचे अनुभव आले. एकाकडे मी वर्षानुवर्षं जायचे. फोन केला की ठरलेलं उत्तर, ‘ताई, माल नाही, आला की कळवतो.’ मग क्लबमधला एक मुलगा त्याच आठवड्यात त्याच दुकानातून तीन डबे घेऊन आला, बिलावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे रोख देऊन. मी तिथे जाणं बंद केलं. दुसरा विक्रेता आमच्या क्लबची एकत्र मागणी घेतो, खेप येण्याआधी भाव लेखी कळवतो, आणि डब्याच्या तळाचा बॅच नंबर विचारला तर फोटो पाठवतो. चार पैसे जास्त लागले तरी आता सगळे त्याच्याकडूनच घेतो. छऱ्यांना परवाना लागत नाही. 20 जूलपर्यंतच्या ताकदीच्या आणि 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या एअर पिस्तुलालाही लागत नाही. पिस्तूल घेताना ओळखपत्राची प्रत मात्र द्यावी लागते, आणि ती न मागणाऱ्याकडून काही घेऊ नये असं माझं मत आहे.

आता मूळ विषय.

माइस्टरकुगेल्न हा आरडब्ल्यूएसचा आर-10 च्या खालच्या पायरीवरचा छर्रा. तोंड सपाट, त्यामुळे कागदात स्वच्छ गोल भोक पडतं. वजन दोन प्रकारचं, 0.45 आणि 0.53 ग्रॅम. पहिला पिस्तुलासाठी, दुसरा रायफलसाठी. घेताना डब्यावर नीट वाचून घ्या, कारण गर्दीत दुकानदार हाताला येईल तो देतो.

डबा घरी आणला की मी पहिल्यांदा छर्रे काचेवर लोळवते. हे मला रेंजवर पिस्तुलांची डागडुजी करणाऱ्या मामांनी शिकवलं. छऱ्याचा मागचा घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, तो डोक्यापेक्षा जरा मोठा असतो. त्यामुळे काच किंचित तिरकी धरून छर्रा सोडला की तो सरळ न जाता एका बाजूला सुंदर कमान घेतो. शेजारी शेजारी सोडलेले छर्रे एकाच कमानीत गेले की समजायचं, माल एकसारखा आहे. ज्याचा स्कर्ट चेपलाय तो मध्येच ठेचकाळतो, लंगडतो. खिडकीतल्या उन्हात हे इतकं स्पष्ट दिसतं की भिंग लागत नाही. माइस्टरकुगेल्नच्या डब्यात लंगडणारे फार थोडे निघाले. शिशाचा चुराही कमी होता. डबा हलवल्यावर तळाला करडी पूड साचत असेल, तर वाटेत छर्रे एकमेकांवर आपटलेत एवढं नक्की.

मग वजन. आमच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे. विभागप्रमुख सरांना विचारून, काम संपल्यावर, कागद घालून मूठभर छर्रे एकेक करून तोलले. बहुतेक एकमेकांच्या तीन-चार मिलिग्रॅमच्या आत बसले. आर-10 चे त्याहून जवळ होते, हे खरं. तुलनेला बाजारातला एक स्वस्त डबाही तोलला. त्यावर बनवणाऱ्याचं नाव आहे, पण इथे लिहीत नाही. त्यातल्या दोन छऱ्यांत कधी कधी तीस मिलिग्रॅमचाही फरक दिसला.

काट्यावरचा फरक टार्गेटवर किती उरतो, हा खरा प्रश्न. मामांनी माझं पिस्तूल चामडं लावलेल्या शिकंज्यात आवळून दिलं आणि दहा मीटरवरून तिन्ही छऱ्यांचे पाच-पाचचे ग्रुप काढले, म्हणजे एकाच नेमावर पाच-पाच छर्रे मारले. आर-10 चं एकच भोक पडलं, छऱ्याहून जरासं मोठं. माइस्टरकुगेल्नचंही एकच, फक्त कडा थोड्या पसरलेल्या. स्वस्त छऱ्यांची वेगवेगळी भोकं पडली आणि एक नऊच्या पट्ट्यात जाऊन बसला.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. छर्रा रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे शिकंज्यातून काढलेला माइस्टरकुगेल्नचा आख्खा ग्रुप दहात आरामात मावतो, आणि माझा हात शिकंजा नाही. माझा होल्ड, म्हणजे नेम धरून ठेवलेला हात, चांगल्या दिवशीसुद्धा नऊच्या वर्तुळात, म्हणजे 27.5 मिलिमीटरमध्ये फिरतो. त्या हेलकाव्यापुढे या दोन छऱ्यांमधला फरक दिसत नाही. माझ्या स्कोअरच्या वहीत आर-10 आणि माइस्टरकुगेल्नची पानं शेजारी ठेवली, तर कोणतं कशाचं हे मला ओळखता येत नाही.

रायफलचं दहाचं वर्तुळ अवघं अर्धा मिलिमीटर. तिथे गुण दशांशात मोजतात, आणि आमच्या क्लबातली जी मुलं खरोखर वरच्या पातळीवर मारतात ती आपल्या नळीला कोणती बॅच मानवते ते तपासून त्याच बॅचचे डबे साठवतात. त्यांना छऱ्यावर पैसे वाचवायला मी सांगणार नाही. त्यांच्या आईवडिलांची ओढाताण दिसते म्हणून तर जीव तुटतो.

स्वस्त डबा फेकून द्यायचा का? नाही. पहिल्या महिन्यात उभं राहायला, पकड धरायला, ट्रिगर सरळ मागे ओढायला शिकणाऱ्याला तो चालतो. फक्त एक सांभाळा. शॉट वाकडा गेला तर नवशिक्याला कळलं पाहिजे की आपला हात हलला की छर्रा वाकडा होता. ते कळत नसेल तर तो नको तिथे दुरुस्ती करत बसतो, साईटचे, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खाचेचे, स्क्रू फिरवत राहतो. म्हणून मी शिकणाऱ्यांनाही आधी काचेवर लोळवून लंगडे छर्रे बाजूला काढायला लावते.

आणि टंचाईवरचा सगळ्यात मोठा उतारा फुकट आहे. ड्राय फायर. मॅच पिस्तुलांत बहुतेक त्याची वेगळी सोय असते. हवा सुटत नाही, छर्रा लागत नाही, ट्रिगर मात्र खराखुरा सुटतो. घरी मी पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहते, टार्गेट न लावता. नजर पुढच्या साईटवर, मागच्या खाचेत तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या, आणि ट्रिगर सुटताना साईट जागची हलते का एवढंच बघायचं. रेंजवर भोक कुठे पडलं यात जीव अडकतो. भिंतीसमोर तो प्रश्नच नसतो. छर्रे मिळेनासे झाल्यापासून माझा निम्म्याहून जास्त सराव असाच होतो आणि ट्रिगर पूर्वीपेक्षा स्वच्छ सुटतो, हे आमच्या कोचनीही सांगितलं. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनवर हे करू नका. छर्रा न घालता झाडली की आतला पिस्टन समोर आपटतो आणि यंत्रणा खराब होते.

आमच्या रेंजवर .22 बोअरची, काडतुसाची बंदूक मारणारे काका आहेत. त्यांच्यापुढे माझी तक्रार फिकी पडते. छऱ्यात दारू नसते. काडतुसात असते, त्यामुळे परवाना, परवान्यावरची नोंद, वर्षाची मर्यादा, सगळं आलं. नावाजलेल्या नेमबाजांसाठी केंद्राने 2020 मध्ये .22 ची मर्यादा एक हजारावरून पाच हजारावर नेली. पण काकांसारख्या हौशी माणसाला त्याचा काय उपयोग? आणि मर्यादा वाढली म्हणून खिसा वाढत नाही. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पेपरांत आलं होतं. ते वाचताना आमच्या रेंजवरच्या पालकांना काही नवीन वाटलं नाही. काकांनी आता .22 महिन्यातून एकदाच बाहेर काढायचं ठरवलंय. एरवी ते आमच्या शेजारी एअर पिस्तूल मारतात.

माझी आत्ताची पद्धत अशी. स्पर्धेसाठी आर-10 चा एक डबा कपाटात, तो स्पर्धेच्या आदल्या सरावाला उघडायचा, कारण छर्रा बदलला की साईट एक-दोन क्लिक हलवावी लागते. रोजचे शॉट माइस्टरकुगेल्नचे. बाकी भिंत. एवढं केल्यावर माझा छऱ्यांचा खर्च निम्म्यावर आलाय आणि खेप उशिरा आली तरी सराव थांबत नाही.

माइस्टरकुगेल्नबद्दल एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. तोही जर्मनीहूनच येतो. आर-10 संपला की लोक त्याच्याकडे वळतात आणि मग तोही संपतो. म्हणून क्लबात चार-पाच जणांनी मिळून मागणी द्या, पण वर्षभराचा साठा एकट्याने घरी भरू नका. गेल्या वेळी आमच्याकडे एकाने तेच केलं आणि जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात दोन शाळकरी मुलींना डबा मिळेना. मी आणि काकांनी आमच्यातले अर्धे अर्धे काढून दिले.

डबा उघडल्यावर छर्रे तळहातावर ओतू नका, झाकणात थोडे घ्या, म्हणजे स्कर्ट चेपत नाहीत आणि हाताला शिसंही कमी लागतं. मारून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका, आणि लहान मुलांना तर डब्याशी खेळूच देऊ नका.

पिस्तूलवाल्यांसाठी माइस्टरकुगेल्नला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो भावासाठी, छऱ्याच्या दर्जासाठी नाही.