सिडनी ते मेलबर्न एक्सपीटी: सकाळची की रात्रीची?

सिडनीहून मेलबर्नला विमान दीड तासात पोचवतं. हे माहीत असूनही तुम्ही रेल्वेचा विचार करताय, म्हणजे विमानाची बाजू इथे मांडायची गरज नाही. अडतं ते पुढे: एक्सपीटी, म्हणजे या मार्गावरची लांब पल्ल्याची रेल्वेगाडी, सकाळची घ्यायची की रात्रीची? गाडी तीच, मार्ग तोच, वेळही साधारण तेवढाच, अकरा तास. सकाळची गाडी सिडनी सेंट्रलहून पावणेआठच्या सुमारास सुटते आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मेलबर्नच्या सदर्न क्रॉसला लागते. रात्रीची पावणेनऊच्या सुमारास सुटून सकाळी साडेसातच्या आसपास पोचते. मी दोन्हींनी गेलोय. ज्याची त्याची गरज वेगळी असते, त्यामुळे माझंच खरं असा आग्रह नाही.

आधी रात्रीच्या गाडीबद्दल. तिला झोपण्याचा एकच डबा असतो. त्यात नऊ केबिन, प्रत्येकीत वर-खाली दोन बर्थ, आणि दोन केबिनना मिळून एक न्हाणीघर. म्हणजे अख्ख्या गाडीत फार तर अठरा माणसं आडवी होऊ शकतात. केबिन मिळाली तर प्रवास खरंच छान होतो: दार लावून घ्यायचं, पाय पसरायचे, आणि उठेपर्यंत आपण व्हिक्टोरिया राज्यात. नव्या गाड्या येणार आहेत आणि त्यांच्या जाहीर झालेल्या रचनेत झोपण्याचे डबे नाहीत. त्यामुळे ज्यांना ही हौस आहे त्यांनी ती लवकर भागवून घ्यावी.

केबिन नाही मिळाली की उरते खुर्ची. आपल्याकडून पहिल्यांदा येणाऱ्यांच्या डोक्यात रात्रीची गाडी म्हटलं की बर्थच असतो. इथे तसं नाही. फर्स्ट क्लासमध्ये पाय ताणायला जागा जास्त आणि पाठ जरा जास्त मागे जाते, पण ती खुर्चीच. गोलबर्न, कूटामंड्रा, वॉगा वॉगा, ऑल्बरी, अशा प्रत्येक ठिकाणी मध्यरात्री, पहाटे माणसं चढतात-उतरतात, सामान वर टाकतात. त्याबद्दल तक्रार नाही. त्या गावांची हीच तर गाडी आहे. पण झोप तुकड्यातुकड्यांत होते, हे धरून चालायचं.

तरीसुद्धा रात्रीची घ्या म्हणणारे म्हणतात: एका रात्रीचा हॉटेलचा खर्च वाचतो आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. मलाही हे पटलं होतं, पण नेमका हाच हिशेब करून पाहिल्यावर माझा निर्णय सकाळच्या गाडीकडे झुकला. सकाळी साडेसातला तुम्ही सदर्न क्रॉसच्या त्या लाटांसारख्या छपराखाली उभे असता. हातात बॅग, अंगात रात्रीची अर्धवट झोप, आणि चारी बाजूंनी मोकळ्या स्टेशनात वारा थेट अंगावर येतो. हॉटेलवर गेलात तर काउंटरवर हसतमुखाने सांगतात की बॅग ठेवा, खोली दोननंतर. मग बॅग ठेवायची आणि फिरत बसायचं. कॉफी संपते. व्हिक्टोरियाच्या राज्य ग्रंथालयाच्या त्या प्रसिद्ध घुमटाखाली बसावं म्हटलं, तर ते दहाला उघडतं. आत बसल्यावर हिरव्या दिव्यांसमोर डोळे मिटायला लागतात. दुपारी दोनला खोलीत पाठ टेकली की संध्याकाळी सहाशिवाय जाग येत नाही. ज्या दिवसासाठी रात्रीची गाडी घेतली तो दिवस असा जातो. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर हा त्रास कमी, हे मान्य. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठला दारात पाहुणा म्हणजे त्यांचीही ऑफिसची, मुलांच्या शाळेची घाई, आणि आपण मध्ये.

सकाळच्या गाडीत हा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी पोचायचं, खोली तयार, जेवायचं, झोपायचं.

आणि खिडकी. सिडनीची उपनगरं संपली की सदर्न हायलँड्सचा हिरवा, थंड भाग. तिथल्या बाउरलला डॉन ब्रॅडमन लहानाचे मोठे झाले, आणि पुढे कूटामंड्रा लागतं, तिथे १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. क्रिकेटवर जीव असलेल्या माणसाला ही दोन्ही गावं एकाच बसण्यात दिसतात. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर कूटामंड्रा ते जुनी या गावांमधल्या पट्ट्यात कॅनोलाची शेतं पिवळीधमक असतात. वॉगाच्या आधी मरंबिजी नदीचं पूरमैदान लांबलचक पुलावरून पार होतं. ऑल्बरीला फलाट संपता संपत नाही, आणि त्याला कारण आहे. न्यू साउथ वेल्सच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर (स्टँडर्ड गेज), व्हिक्टोरियात १६००. त्यामुळे सरहद्दीवर सगळ्या प्रवाशांना सामानासकट गाडी बदलावी लागे. १९६२ मध्ये मेलबर्नपर्यंत स्टँडर्ड गेजचे रूळ पोचले तेव्हा ते थांबलं. ऑल्बरी सोडलं की लगेच मरी नदी, म्हणजे राज्याची हद्द.

वँगरॅटा आणि बेनाला यांच्या मध्ये ग्लेनरोवन येतं. गाडी थांबत नाही, पण डोळे उघडे ठेवा. १८८० च्या जूनमध्ये नेड केली या दरोडेखोराच्या टोळीने पोलिसांची खास गाडी पाडण्यासाठी इथलेच रूळ उखडून ठेवले होते. थॉमस कर्नो नावाच्या शाळामास्तरांनी मेणबत्ती आणि लाल स्कार्फ धरून ती गाडी वेळेत थांबवली. रात्रीच्या गाडीत हे गाव पहाटेच्या अंधारात मागे पडतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बुफेत चहा, कॉफी, पाय (pie, सारण भरलेली पेस्ट्री), सँडविच मिळतं. शाकाहारी माणसाने दशम्या नाहीतर तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत घ्याव्या. रुळांची कामं असली की काही टप्पा बसने करावा लागतो, म्हणून तिकिटाआधी तेवढं तपासा. दुपारी दोनला बस बदलणं जमतं, रात्री दोनला म्हाताऱ्या आईवडिलांना उठवून बदलणं नको वाटतं. जून-जुलैत मात्र सकाळच्या गाडीचाही शेवटचा तासभर अंधारात जातो, कारण मेलबर्नला पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो.

राहता राहिला परतीचा प्रवास. सिडनीत राहणाऱ्याला इथे रात्रीची गाडी जास्त सोयीची. सातच्या सुमारास पोचलं की घर आपलंच, खोलीसाठी दोनची वाट पाहायला नको. केबिन मिळत असेल आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, तर मी कुणाला अडवणार नाही. पण कूटामंड्रा आणि जुनीच्या मधल्या बेथुंग्राचा वळसा फक्त सिडनीकडे येणाऱ्या गाड्यांना लागतो. जुना चढ ४० ला १ चा (चाळीस मीटर अंतराला एक मीटर वर) होता, तो ६६ ला १ वर आणण्यासाठी १९४६ मध्ये रूळ डोंगरात असे फिरवले की चढणारी गाडी आपलाच मार्ग वरून ओलांडते. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून बघावं लागतं, आणि त्याला उजेड लागतो. म्हणून मी येतानाही सकाळचीच घेतो.