ख्रिसमस ट्रीचा घागरा: अखंड गोल की कळीदार?

नवापूर असो वा भुसावळ, घरचं झाड बहुधा प्लास्टिकचं. त्याचे पाय झाकायला 42 इंच व्यासाचा घागरा पुरतो.

अखंड गोलाला 44 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर सुती कापड घ्या. आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात किनार सुरकुतते. कापडाची चौघडी घाला, घड्या मिळतात त्या कोपऱ्यापासून 3 आणि 21 इंचांवर कंस आखून कापा, एका घडीवर मागची चीर द्या. जोडशिवण एकही नाही. परीक्षा फक्त किनारीची. सरळ पट्टी वळणावर चुण्या धरते, म्हणून उरेबच (तिरकी कापलेली पट्टी) हवी, चिरेसकट 5 मीटर.

कळीदारला आठ कळ्या (खाली रुंद, वर निमुळते तुकडे): शिलाईसकट खाली साडेसतरा, वर 3, उंची साडेसतरा इंच. दीड मीटर कापड लागतं, पण घरातले तुकडेही खपतात. मखमल असेल तर कळ्या उलटसुलट मांडू नका, लव फिरून छटा बदलते. शिवणी सात, आठवी उघडी. शिलाईचा अर्धा इंच काटेकोर ठेवा: दोन्ही कडांना पाव-पाव इंच जास्त गेलं तरी घेरातून साडेतीन इंच जातात आणि मधल्या भोकाचा घेरही तेवढाच आवळतो.

नवशिक्यानं गोलच शिवावा. व्यास 44 च्या पुढे हवा असेल तर मात्र या पन्ह्यातून अखंड गोल निघत नाही, तिथे कळ्या कामी येतात.