अटलांटिस कुठे होतं? किर्खर विरुद्ध रुडबेक

प्लेटोने सांगितलेलं, एका दिवस-रात्रीत समुद्रात गडप झालेलं हे बेट सतराव्या शतकातल्या दोन विद्वानांनी दोन टोकांना नेऊन ठेवलं.

रोममध्ये राहणारे जर्मन जेझुइट पाद्री अथानासियस किर्खर यांनी 1665 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याचा नकाशाच दिला. नकाशात दक्षिण वर आहे, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो. स्पेन-आफ्रिका एका बाजूला, अमेरिका दुसऱ्या बाजूला आणि मधोमध हे भलंमोठं बेट. प्लेटोने ‘हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे’ (म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे) म्हटलं होतं, किर्खर यांनी ते तसंच घेतलं.

स्वीडनच्या ओलोफ रुडबेक यांचं मात्र म्हणणं की अटलांटिस बुडालंच नाही, ते म्हणजे स्वीडन, आणि राजधानी जुनं उप्साला! 1679 पासून त्यांनी यावर खंडच्या खंड लिहिले. देशाभिमानापायी प्लेटोचा मजकूर त्यांनी हवा तसा वाकवला, हे उघड आहे. पण माणूस वैद्यकाचा प्राध्यापक, लसीकावाहिन्यांवर (शरीरातला लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांवर) मोलाचं काम केलेला. उप्सालाजवळच्या दफन-टेकाडांना उभा छेद देऊन त्यांनी वरच्या काळ्या मातीच्या थराची जाडी मोजली आणि त्यावरून टेकाडाचं वय काढायचा प्रयत्न केला. पुरातत्त्वात अशी नजर तेव्हा कोणाकडे होती?

प्लेटोशी इमान राखलं किर्खर यांनी. तरी मला रुडबेक जास्त महत्त्वाचे वाटतात: निष्कर्ष साफ चुकला, पण मातीचे थर वाचायची त्यांची रीत पुढे खरी ठरली.