'अ बिगर बँग' की 'हॅकनी डायमंड्स'? स्टोन्सच्या उतारवयातले दोन अल्बम

साठ-सत्तरच्या दशकातले रोलिंग स्टोन्स, म्हणजे तो इंग्लिश रॉक बँड, ऐकून झाले, आता पुढे काय, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. जुन्या अल्बमांबद्दल वाद नाही, ते ऐकायचेच. पण या शतकातल्या स्टोन्सकडे वळलं की स्वतः रचलेल्या गाण्यांचे दोनच अल्बम पटकन समोर येतात: २००५चा 'अ बिगर बँग' आणि तब्बल १८ वर्षांनी आलेला 'हॅकनी डायमंड्स'. मधला २०१६चा 'ब्लू अँड लोनसम' मला फार आवडतो, पण त्यात सगळी दुसऱ्यांची ब्लूज गाणी आहेत, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

आधीच सांगतो, 'हॅकनी डायमंड्स'कडून मला काहीही अपेक्षा नव्हती. बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१च्या ऑगस्टमध्ये गेला तेव्हा माझ्यापुरता हा बँड संपला होता. गायक मिक जॅगर ८० वर्षांचा, गिटारवादक कीथ रिचर्ड्स ८०च्या उंबरठ्यावर, आणि निर्माता अँड्र्यू वॉट, म्हणजे या दोघांच्या नातवंडांच्या वयाचा. पाहुण्यांच्या यादीत एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी, स्टीव्ही वंडर, लेडी गागा. यादी वाचूनच मन खट्टू झालं. इतके पाहुणे बोलवावे लागतात म्हणजे घरात काही शिजलेलं नसणार, असं वाटलं. आठवडाभर मी तो लावलाच नाही.

उलट 'अ बिगर बँग'वर माझा जीव होता. तो काही वाईट अल्बम नाही, हे मी आजही म्हणेन. चार्लीवर घशाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते, तेव्हा जॅगर आणि कीथ दोघंच बसून गाणी घडवत होते, कधी जॅगरच बास धरायचा, कधी ड्रम्सवर बसायचा. ती जवळीक गाण्यांत उतरली आहे. 'रफ जस्टिस' सुरू होतं तेव्हा गिटारी अंगावर येतात. 'बॅक ऑफ माय हँड'मध्ये जॅगर स्वतः स्लाइड गिटार वाजवतो, आणि ते गाणं इतकं कोरडं, इतकं उघडंवाघडं आहे की कुणीतरी शेजारच्या खोलीत वाजवतंय असं वाटावं. 'लाफ, आय निअर्ली डाइड'मधला जॅगरचा आवाज तर त्याच्या कुठल्याही वयातल्या आवाजाच्या शेजारी बसवता येईल. नंतर बऱ्या झालेल्या चार्लीचा ठेका आहेच. स्नेअर ड्रमवर काठी पडताना हाय-हॅटवरचा, म्हणजे झांजांच्या जोडीवरचा हात तो किंचित उचलतो, त्या क्षणभराच्या मोकळ्या जागेमुळे गाणं श्वास घेतं. तो माणूस या अल्बमभर आहे, ही त्याची सर्वांत मोठी बाजू.

मग अडलं कुठे? लांबीत.

सोळा गाणी, चौसष्ट मिनिटं. सीडीत जागा आहे म्हणून ती भरायचीच, या काळातला तो अल्बम. ऐकायला बसलो की पहिली सहा गाणी मी मान डोलवत ऐकतो. सातव्यापाशी बोट आपोआप 'पुढचं' या बटणाकडे जातं. आठवं थोडं ऐकतो, नववं कीथने गायलेलं, ते पूर्ण ऐकतो, आणि दहाव्या-अकराव्यापर्यंत मी मनाने दुसऱ्याच कामाला लागलेला असतो. शेवटचं, सोळावं गाणंही कीथचंच आहे, 'इन्फमी'. मला कीथचं गाणं ऐकायला नेहमी आवडतं, पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत सलग ऐकत त्या गाण्यापर्यंत मी दोन-तीनदाच पोचलो असेन. यातली एखादी ओळही टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. पण चार-पाच गाणी कुणीतरी प्रेमाने बाजूला काढायला हवी होती. प्रत्येक वेळी ऐकताना ती काटछाट आपणच करायची, हा त्रास मला सोसेनासा झाला. कुणाला भरपूर ऐकायला मिळतं म्हणून हेच आवडू शकतं, ते मान्य आहे.

'हॅकनी डायमंड्स' बारा गाण्यांत, अठ्ठेचाळीस-एक मिनिटांत आटपतो. पहिल्यांदा लावला तेव्हा मी चौथ्या गाण्याला बंद करायच्या तयारीने बसलो होतो. चौथं निघालं 'बाइट माय हेड ऑफ'. मॅकार्टनीचा बास त्यात चवताळल्यासारखा गुरगुरतो, आणि मी बंद करायचं विसरलो. जॅगरने म्हणे व्हॅलेंटाइन डेपर्यंत रेकॉर्डिंग संपवायचंच अशी मुदत घालून घेतली होती. ती घाई अल्बमला मानवली आहे. कुठलंही गाणं उंबरठ्यावर रेंगाळत नाही.

खटकतं तेही सांगायला हवं. आवाज फार चकचकीत आहे, सगळं एकाच वेळी पुढे आल्यासारखं, आणि हेडफोनवर सलग ऐकलं तर कान शिणतात. 'अँग्री' हे पहिलं गाणं मला अजूनही ठाकठीकच वाटतं. 'बॅक ऑफ माय हँड'सारखी मोकळी हवा इथे शेवटाकडेच मिळते. ज्यांना खडबडीत स्टोन्स हवेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ड्रम्सवर बहुतेक गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे. कीथबरोबर तो १९८०च्या दशकापासून वाजवतोय, आपल्या जागी त्याला घ्या असं चार्लीनेच सुचवलं होतं. तरी तो चार्ली नाही, त्याचा हात जड आहे. मात्र 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोन गाण्यांत खुद्द चार्ली आहे, आधी वाजवून ठेवलेला. त्यातल्या दुसऱ्यात १९९३ साली बँड सोडलेला बिल वायमन बासवर परत आला आहे. ते जुने दोघं पुन्हा एकत्र वाजू लागले तेव्हा माझे डोळे भरून आले.

गागाबद्दलचा माझा अंदाज तर साफ चुकला. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' सात मिनिटांहून मोठं आहे. मघाशी लांबीवर इतकं बोललेला मी, या गाण्याचं एक मिनिटही कमी करू देणार नाही. संपलं संपलं म्हणताना वंडरची बोटं कीबोर्डवर पुन्हा हलतात, जॅगर आणि गागा एकमेकांना चढवत नेतात आणि गाणं पुन्हा उभं राहतं.

तेव्हा चार्लीसाठी ऐकणार असाल, किंवा कच्चा, घरगुती आवाज प्रिय असेल, तर 'अ बिगर बँग' घ्या आणि पहिली सहा, नववं, बारावं नि सोळावं एवढी गाणी आधी ऐका. एका बैठकीत अख्खा अल्बम ऐकायची सवय असेल तर मात्र मी 'हॅकनी डायमंड्स' सुचवेन. माझ्याकडे आता तोच लागतो.

आणि शेवटचं गाणं सुरू झालं की आवाज थोडा वाढवा. ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९५० साली गायलेलं, ज्याच्यावरून बँडने नाव घेतलं ते. १९६१मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर कीथला जॅगर भेटला तेव्हा त्याच्या काखोटीला मडी वॉटर्सचीही रेकॉर्ड होती. इथे ड्रम्स नाहीत, पाहुणे नाहीत. एक गिटार, एक हार्मोनिका, आणि तेच दोघं.